बोअरचा आकडा

शिकारकथांत हरणाआधी बंदुकीचा आकडा येतो. कॉर्बेटची .२७५ रिग्बी घ्या. काडतूस मूळचं जर्मन, ७×५७ माउझर, गोळीचा व्यास.२८४ इंच. म्हणजे आकडा गोळीचा नाही, नळीच्या सात मिलिमीटर बोअरचा, आणि वर लंडनच्या दुकानाची पाटी. (आम्ही सॉफ्टवेअरवाले व्हर्जन नंबर असेच देतो.) चाळीसेक किलोचं काळवीट आणि दोनशेच्या वरचा सांबर यांना एकच बोअर चालेल का, हा प्रश्न रास्तच, निवड चुकली तर जनावर जखमी होऊन रानात तडफडतं. कॉर्बेट जखमी वाघाविषयी लिहितो. इतर बऱ्याच शिकारकथांत मात्र बंदुकीचा थाट उरतो, तडफड नाही. कोल्हापूर संस्थानात काळविटांवर पाळीव चित्ते सोडत. तिथं बोअरच नव्हता. हरणांच्या शिकारीवर १९७२च्या कायद्यानं बंधनं आणली. चित्ता त्याच्या वीस वर्षं आधीच देशातून नामशेष जाहीर झाला होता.