शास्त्रपाठ : वाचकाचा आवाज आणि मराठी संहिता

अँग्लिकन उपासनेत शास्त्रपाठ वाचण्यासाठी मंडळीतलाच कोणी स्त्री-पुरुष उठतो, नेमलेला उतारा वाचतो आणि जागेवर जाऊन बसतो. त्याला दीक्षा नसते, मानधन नसते आणि भाष्याचा अधिकारही नसतो, भाष्य पाळकाचे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा मंडळ्यांच्या विलीनीकरणातून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले आणि अँग्लिकन वारसा त्यात सामावला गेला. रायपूरच्या परिसरातील उपासनेलाही तो वारसा लाभला आहे. ज्याला अर्थ सांगायचा नाही, अशा या वाचकाचे वाचन अर्थनिर्णयाविना होऊ शकते काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

याच मुलुखातील एक प्रसंग मराठी वाङ्मयेतिहासात सुपरिचित आहे. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका सहप्रवाशाने ‘नवा करार’ दिला. 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. या दोन वर्षांतील वाचन प्रामुख्याने एकान्तातले होते. एकान्तातील वाचक थांबू शकतो, पान मागे उलटू शकतो, ग्रंथाशी वाद घालू शकतो. मंडळीतील श्रोत्याला ही सोय नाही. त्याच्यासाठी संहिता एकदाच उच्चारली जाते आणि जो अर्थ निसटतो तो निसटतोच.

हा भेद पंडिता रमाबाईंना जन्मापासून ठाऊक होता. त्यांचे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणवाचन करून निर्वाह करी. संस्कृत पाठ कानी पडला की श्रोत्यास पुण्य लाभे. त्याला अर्थ कळलाच पाहिजे असे बंधन पुराणिकावर नव्हते. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे अँग्लिकन मंडळीत रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला; मात्र मतप्रामाण्याबाबत तेथील वडीलधाऱ्यांशीही त्यांनी वाद घातला. पुढे हिब्रू व ग्रीक मुळांवरून त्यांनी बायबलचे सुबोध मराठी भाषांतर केले आणि 1922 मध्ये मृत्यूपूर्वी ते पूर्ण केले. या सुबोधतेकडे सहसा धर्मप्रसाराची सोय म्हणून पाहिले जाते. माझ्या मते, ती पुराणिकाच्या मुलीने पुराणवाचनाला दिलेली उत्तर-संहिता आहे. नुसत्या नादाने पुण्य लाभते, ही धारणाच येथे नाकारलेली आहे.

तथापि सुबोध संहितेनेही वाचकाचे काम संपत नाही. ओवीची पोथी वाचणाऱ्याला चरणान्त विसावा देतो. बायबलच्या गद्यात असा आधार नाही. तेथे वचनांचे आकडे आहेत, पण नव्या कराराचे आज रूढ असलेले वचन-क्रमांक 1551 मधील रोबेर एस्तिएनच्या ग्रीक आवृत्तीतून आलेले आहेत. ते संदर्भासाठी आहेत, श्वासासाठी नव्हेत. प्रत्येक आकड्यापाशी थांबणारा वाचक वाक्य मोडतो. त्यातच मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते, त्यामुळे श्रोत्याला तोवर अर्थ तोलून धरावा लागतो. ‘त्याने त्याला सांगितले’ अशा वाक्यात सांगणारा कोण आणि ऐकणारा कोण, हे पुष्कळदा आधीचा विराम ठरवतो. अशा ठिकाणी विराम हेच भाष्य होय.

यावर असा आक्षेप संभवतो की, सपाट, निर्विकार वाचन केल्यास वाचक मध्ये येणार नाही आणि वचन शुद्ध राहील. परंतु सपाटपणा हाही एक निर्णयच आहे. विलाप आणि वंशावळी एकाच सुरात वाचणारा दोहोंना समान वजन देतो. उलट, अभिनयाच्या आहारी गेलेला वाचक संहितेला स्वतःच्या भावनेखाली दडपतो. वाचकाची मर्यादा या दोहोंमधून जाते: त्याने वाक्य समजून घ्यावे, पण श्रोत्याच्या वतीने रडू नये.

रायपूरसारख्या शहरात हा प्रश्न दुपेडी होतो. तेथील उपासनेची भाषा प्रामुख्याने हिंदी. मराठी घरातील वाचकाला सभेत एक संहिता आणि घरी दुसरी, असा व्यवहार करावा लागू शकतो. तौलनिक अभ्यासाने भाषांतरांची तुलना छापील पानांवर पुष्कळ केली आहे. ती आता कानांवरही व्हावयास हवी, कारण पुष्कळ श्रोत्यांपुरते भाषांतर पूर्ण होते ते छापखान्यात नव्हे, तर मंडळीतून उठलेल्या त्या अनामिक वाचकाच्या मुखी.