वर आणि वर्म : अभेद्यतेच्या नियमांचा विचार

'वर्मी घाव', 'वर्मावर बोट ठेवणे', 'वर्मी लागणे' हे प्रयोग मराठीत सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यांतील 'वर्म' म्हणजे जेथे आघात झाला असता मनुष्य कोसळतो ते स्थान; संस्कृतातील 'मर्मन्' ह्या शब्दाचा जो अर्थ तोच हा. संस्कृतातील 'वर्मन्' मात्र चिलखताचा वाचक आहे. जवळजवळ एकाच ध्वनिरूपाने एका भाषेत कवच दाखवावे आणि दुसरीत कवचातील फट दाखवावी, ही गोष्ट अभेद्यतेचा विचार करणाऱ्यास मार्गदर्शक ठरावी. कवच आणि फट ह्या एकाच कल्पनेच्या दोन बाजू आहेत. त्यांपैकी एक काढून घेतली की दुसरीही निरर्थक होते. कल्पित साहसांच्या भूमिकाखेळांत ह्या तत्त्वाचे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे.

ह्या खेळांचा आद्य नमुना 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. १९७५ च्या पुरवणीत चोराचे पात्र आले आणि पाठीमागून केलेल्या त्याच्या वाराला दुप्पट परिणाम मिळाला. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ह्याच कल्पनेचा 'छुपा वार' झाला. प्रतिपक्षी बेसावध असेल किंवा दोन बाजूंनी घेरला गेला असेल, तर हा वार लागू पडतो. त्याच्या जोडीला 'वर्मी घाव' आहे. वीस बाजूंच्या फाशावर उंच दान पडले आणि दुसऱ्या दानाने त्याची खात्री पटली, की इजा दुप्पट किंवा त्याहून अधिक होते. परंतु थडग्यातून उठलेली प्रेते, यंत्रपुतळे, निराकार गोळे, वनस्पती आणि महाभूतांचे देहधारी अंश यांवर ह्या दोहोंपैकी कशाचाही परिणाम होत नाही. ज्याच्या शरीरात ओळखता येण्याजोगी अवयवरचना नाही त्याला वर्मही नाही, हे त्याचे कारण.

हे कारण वर्मी घावापुरते समर्पक आहे. सुश्रुताने शारीरस्थानात १०७ मर्मे सांगितली असून परिणामानुसार त्यांचे पाच वर्ग केले आहेत. तत्काळ प्राण घेणारी, कालांतराने घेणारी, शल्य उपटले असता घेणारी, वैकल्य आणणारी आणि केवळ वेदना देणारी, असा तो क्रम आहे. मर्म ही शरीराच्या रचनेची गोष्ट असल्याने जेथे रचना नाही तेथे मर्म नाही, हे अनुमान त्या शास्त्रालाही मान्य झाले असते. छुप्या वाराची गोष्ट निराळी आहे. त्याची अट रचनेची नसून अवधानाची आहे. प्रवेशाची अट एका तत्त्वावर आणि नकाराचे कारण दुसऱ्याच तत्त्वावर आधारणे, हा ह्या नियमातील मूलभूत दोष होय.

इतिहासातील एका उदाहरणाने हा भेद स्पष्ट होईल. दौंडच्या पूर्वेस भीमेच्या उत्तर तीरावर पेडगाव आहे. तेथे मोगल सुभेदार बहादूरखानाची छावणी होती. राज्याभिषेकानंतर महिनाभराने, म्हणजे जुलै १६७४ मध्ये, मराठ्यांच्या सुमारे दोन हजार स्वारांनी हूल देऊन खानाला छावणीपासून दूर ओढले. तेवढ्यात शिवाजीमहाराजांनी सुमारे सात हजारांच्या फौजेनिशी दुसऱ्या वाटेने येऊन ती छावणी लुटली, असा वृत्तान्त जदुनाथ सरकारांनी दिला आहे. एक कोटी रुपयांची लूट आणि बादशहासाठी राखलेले दोनशे घोडे हाती लागले, असेही ते नमूद करतात. छावणीला हृदय नसते, कंठ नसतो, तरीही छुपा वार तिला लागला. सैन्याचे बळ होते तसेच होते. फक्त त्याचे लक्ष दुसरीकडे गेले होते. छुप्या वाराचे वर्म अनवधान हेच आहे, आणि ज्याला लक्ष आहे त्या प्रत्येकाला, मग तो प्रेत असो वा पुतळा, अनवधानही असते.

मग अभेद्यता मुळीच नसावी काय? ह्याचे उत्तर ह्याच परिसरातील दोन स्थळांच्या आख्यायिकांत मिळते. शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या महागणपतीची आख्यायिका त्रिपुरवधाशी जोडलेली आहे. युद्धापूर्वी शंकराने येथे गणेशाची आराधना केली, अशी श्रद्धा आहे. महाभारताच्या कर्णपर्वात तारकासुराच्या तिघा पुत्रांना ब्रह्मदेव अमरत्व नाकारतो. तेव्हा ते सोन्याचे, रुप्याचे व लोखंडाचे अशी तीन फिरती पुरे मागून घेतात. सहस्र वर्षांनी ती एकत्र येतील आणि त्या वेळी जो एकाच बाणाने त्यांचा भेद करील, त्याच्याच हातून आपल्याला मरण यावे, असा त्यांचा वर आहे. दौंडहून शिरापूरमार्गे भीमा ओलांडली की सिद्धटेक येते. मधु-कैटभांशी लढताना विष्णूला येथे सिद्धी प्राप्त झाली, असे मानतात. देवीमाहात्म्यात ते दोघे सर्वत्र जलमय झालेले पाहून, जेथे पृथ्वी पाण्याने व्यापलेली नाही तेथे आम्हाला मार, असे विष्णूला सांगतात. विष्णू त्यांची मस्तके आपल्या मांडीवर घेऊन छेदतो.

ह्या दोन्ही कथांतील वर्म असुरांच्या देहात नाही. ते वराच्या वाक्यात आहे. वर हा उत्सर्ग आणि त्याची अट हा अपवाद होय. अपवाद उच्चारल्याखेरीज वर पूर्ण होत नाही, आणि तो उच्चारला की ऐकणाऱ्याला वाट सापडते. त्रिपुराच्या वरात वाट काळाच्या रूपाने आहे. तेथे धीर धरून नेमका क्षण साधावा लागतो. मधु-कैटभांच्या वरात ती अर्थाच्या रूपाने आहे. तेथे 'पाणी नसलेली जागा' ह्या शब्दांची व्याप्ती वक्त्याहून श्रोत्याला अधिक कळावी लागते. दोन्ही ठिकाणी विजय मिळतो तो ज्ञानाला.

खेळात अशी वाक्ये चालणार नाहीत, असा आक्षेप येऊ शकेल. कथा एकदा घडते; नियम रोज वापरायचा असतो आणि प्रत्येक वेळी शब्दच्छल करीत बसता येत नाही, हे खरे आहे. परंतु त्याच तिसऱ्या आवृत्तीत लांडगामानवाच्या अंगावर साधे शस्त्र बोथट होते आणि चांदीचे चालते. म्हणजे अपवादासहित उत्सर्ग त्या नियमकर्त्यांना ठाऊक होता. चिलखताच्या बाबतीतही त्यांनी तारतम्य राखले होते; एका विशेष गुणाचे चिलखत वर्मी घाव व छुपा वार शेकडा २५, ७५ किंवा १०० वेळा निष्फळ करते. फक्त प्राण्यांच्या जाती ठरविताना हे तारतम्य सुटले. त्यामुळे, लक्ष आणि माहिती हेच ज्याचे भांडवल आहे असे पात्र प्रेतांच्या तळघरात सामान्य शिपायाहूनही दुबळे ठरले.

पुढील नियमकर्त्यांना हे जाणवले. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने जातिनिहाय नकार सोडून दिला. २००९ च्या 'पाथफाइंडर'ने प्रेते, पुतळे व वनस्पती यांना वर्म परत दिले, आणि निराकार गोळे व महाभूतांचे अंश तेवढे वगळले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत छुपा वार कोणत्याही जातीवर चालतो. खेळणाऱ्यांचा कंटाळा त्यामुळे गेला, हे मान्य केले पाहिजे. तथापि ह्या दुरुस्तीने दुसरे टोक गाठले. पूर्वी वाट नव्हती म्हणून शोध व्यर्थ होता. आता सर्वत्र वाट आहे म्हणून शोधाचे प्रयोजन उरले नाही. चिखलाच्या गोळ्याचे वर्म कोठे, हा प्रश्न आता कोणी विचारत नाही.

ह्या अर्धशतकातील नियमांनी अभेद्यता हा वस्तूचा गुण मानला. तो असेल किंवा नसेल, एवढाच वाद केला. रांजणगाव आणि सिद्धटेक येथील आख्यायिका तिला एक विधान मानतात, आणि विधान म्हटले की त्याला अन्वय आला, मर्यादा आली, वाचक आला. नियम लिहिणाऱ्याने प्रत्येक अभेद्य प्राण्यापुढे एक 'परंतु' लिहावा, आणि तो शोधण्याचे काम खेळणाऱ्यावर सोपवावे. तसे झाले तरच त्या खेळात कवच आणि वर्म हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतील.