सेवेचा जमाखर्च : दोन आत्मचरित्रें

परोपकाराची महती गाणारें वाङ्मय मराठींत विपुल आहे. परोपकाराचा जमाखर्च मांडणारें मात्र फारच थोडें. धोंडो केशव कर्वे यांचें 'आत्मवृत्त' (१९१५) आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांचें 'माझें पुराण' (१९४४) हीं दोन पुस्तकें ही उणीव भरून काढतात. मात्र तीं जोडीनें वाचावयास हवींत, कारण जमेची बाजू एकांत अधिक स्पष्ट आहे व खर्चाची दुसऱ्यांत.

'आत्मवृत्ता'ची भाषा गणिताच्या अध्यापकास शोभेल अशी निरलंकृत आहे. या साधेपणामुळेंच त्यांतील मुख्य गोष्ट मनावर ठसते. ती ही कीं, निरपेक्ष सेवा ही एका उदात्त क्षणाची प्रेरणा नसून लहानपणापासून अंगीं मुरलेली संवय आहे. मुरूडच्या शाळेंतील सोमण गुरुजींच्या प्रेरणेनें गांवकऱ्यांस वर्तमानपत्र वाचून दाखविणारा मुलगा पुढें गांवच्या कामासाठीं मिळकतीचा लहानसा अंश बाजूस काढणारा 'मुरूड फंड' उभारतो, आणि तोच १८९६ सालीं अनाथबालिकाश्रमाची स्थापना करतो. १९०० सालीं आश्रम हिंगण्याच्या माळावर गेल्यानंतर फर्ग्युसन कॉलेजांतील अध्यापन आटोपून पुण्याहून तेथवर पायीं जाणें हा त्यांचा परिपाठच झाला.

अशा सेवेनें समाजास काय मिळालें तें सर्वांस ठाऊकच आहे. १९१६ सालीं निघालेलें महिला विद्यापीठ आजही चालू आहे. परंतु सेवा करणाऱ्यास काय मिळतें, या प्रश्नाचें उत्तर या ग्रंथांत अधिक रमणीय रीतीनें आलें आहे. कर्वे स्वभावानें अत्यंत भिडस्त. स्वतःसाठीं त्यांनीं कोणापुढें हात पसरला नसता. पण आश्रमासाठीं ते अनोळखी माणसाच्या दारीं निःसंकोच उभे राहिले. कार्यानें कर्त्यालाच घडविलें. १९३६ सालीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, त्यांनीं खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठीं नवी संस्था काढली, ती याच घडणीच्या बळावर.

येथेंच 'आत्मवृत्ता'ची उणीवही सांगितली पाहिजे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदाचें वेतन त्या काळीं मासिक ७५ रुपये होतें. त्यांतून शिल्लक पडे ती आश्रमास जाई. आयुष्याच्या विम्याची पॉलिसीही त्यालाच अर्पण झाली. या दानाचें वर्णन ग्रंथांत आहे, पण त्या दानामागें रिकाम्या राहिलेल्या डब्यांचा आवाज त्यांत क्षीण आहे. तो ऐकूं येतो 'माझें पुराण' या पुस्तकांत. आनंदीबाई बोलल्याप्रमाणें लिहितात. पतीविषयींचा आदर त्या लपवीत नाहींत आणि संसाराच्या ओढाताणीचा त्रागाही लपवीत नाहींत.

कोणी म्हणेल कीं, असा त्रागा थोर कार्यास उणेपणा आणतो. आम्हांस तसें वाटत नाहीं. आनंदीबाई पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांतील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. परक्यांच्या निरपेक्ष श्रमानें एका बालविधवेचें आयुष्य कसें पालटतें, हें त्यांनीं स्वतः अनुभविलें होतें. १८९३ च्या विवाहानंतर मुरूडकरांचा बहिष्कार त्यांनीं सोसला. आश्रमासाठीं वर्गणीही गोळा केली. सेवेचें मोल जिला पुरतें कळलें आहे, तीच बाई विचारते कीं, घरचा वांटा विचारल्याविना कां द्यावा? १९०८ सालीं निघालेल्या निष्काम कर्ममठाच्या सेवकांनीं आपलें व्रत स्वेच्छेनें घेतलें. सेवकाच्या पत्नीस मात्र व्रत घेण्याविषयीं कोणी विचारीत नसे. त्याचा भार तेवढा तिच्या शिरावर पडे.

तेव्हां स्वयंसेवेची खरी कसोटी त्या शब्दांतील 'स्वयं' हीच. जो देतो त्यानें आपलें द्यावें. आणि ज्यांच्या वांट्याचें जातें त्यांची संमति घ्यावी. एवढें पथ्य पाळलें तर सेवा दोन्ही कुळांचा उद्धार करते, देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या. सार्वजनिक कार्याची हौस असलेल्या प्रत्येक घरांत हीं दोन पुस्तकें एका फळीवर असावींत, आणि पतीनें 'माझें पुराण' आधीं वाचावें, अशी आमची शिफारस आहे.