गाडीत नसलेली माणसे

बेळगाव-निपाणी भागातील वृत्तपत्रांत निधनवार्तेचा शेवट ठरलेला असतो. मागे पत्नी, मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे, आणि रक्षाविसर्जन अमुक वारी सकाळी अमुक वाजता. वृत्तपत्राचे काम तेथे संपते. रक्षा गावच्या नदीत जाते. मात्र वेचलेल्या अस्थी फडक्यात बांधून पुढे एखाद्या तीर्थाला न्यायच्या असतात, आणि त्या प्रवासाची बातमी कधी होत नाही. तो प्रवास साहित्याच्या वाट्याला येतो. साहित्याने त्याचे काय केले आहे, हे पाहावे असे आम्हांला वाटले, त्याला एक निमित्त घडले.

दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळातील एका सभासदाचे वडील कंग्राळीस वारले. अस्थी नृसिंहवाडीस, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर न्यायच्या ठरल्या आणि भाड्याच्या क्रूझरमध्ये घरच्या पुरुषमंडळींबरोबर आम्हांपैकी दोघे निघालो. काकती, संकेश्वर, निपाणी, कोगनोळी आणि मग दूधगंगेचा पूल ओलांडून महाराष्ट्र. वाटेत हिरण्यकेशी लागली, वेदगंगा लागली. धाकटा मुलगा म्हणाला, ‘‘आपली मार्कंडेय घटप्रभेला मिळते आणि घटप्रभा कृष्णेला. म्हणजे गावात सोडल्या असत्या तरी कृष्णेतच गेल्या असत्या.’’ थोरल्याच्या मांडीवर कलश होता. तो काही बोलला नाही. पुढे कागलपर्यंत बोलणे झाले ते वाटण्या, उसाचे बिल आणि गावाभोवती पडलेल्या प्लॉटांचे. दोन भावांत सात महिने अबोला होता, तो इचलकरंजीच्या अलीकडे एका चहाच्या टपरीवर सुटला. परतताना आम्ही मनात म्हटले की ही तर आयती कथा आहे.

रात्री घरी पोचलो. रूढीप्रमाणे काकू घरीच राहिल्या होत्या. त्यांनी एकच विचारले, ‘‘पाण्याला ओढ होती काय रे?’’ आम्ही एकमेकांकडे पाहिले. गाडी कुठे लावली, गर्दी किती होती, दक्षिणा किती दिली, हे सर्वांना सांगता येत होते. पाणी कोणीच पाहिले नव्हते. त्या क्षणी आमच्या मनातली आयती कथा मोडली. पुढील चार बैठकांत आम्ही या विषयावरच्या काही कृती वाचल्या त्या काकूंचा प्रश्न समोर ठेवून. अस्थियात्रेच्या कथेची पारख करण्यासाठी आम्हांला त्यातून एक साधी कसोटी मिळाली: जी माणसे गाडीत नाहीत, त्यांना कथेत जागा आहे की नाही?

या प्रकारातील जगप्रसिद्ध कृती म्हणजे ग्रॅहॅम स्विफ्ट यांची ‘लास्ट ऑर्डर्स’ ही कादंबरी. तिला 1996 साली बुकर पारितोषिक मिळाले. लंडनच्या बर्मंडसी भागातील जॅक डॉड्स हा खाटीक मरताना सांगून जातो की आपली रक्षा मार्गेटच्या धक्क्यावरून समुद्रात सोडावी. तीन मित्र आणि एक मानलेला मुलगा मोटारीतून ती घेऊन निघतात. वाटेत थांबे होतात, जुनी उणीदुणी निघतात, हातघाईही होते. प्रत्येक पात्र आपापल्या प्रकरणात आपल्या बोलीत बोलते. या रचनेवर विल्यम फॉकनरच्या 1930 सालच्या ‘अ‍ॅज आय ले डाइंग’ची गडद छाया असल्याचा आक्षेप पुढे घेतला गेला. तेथे एक गरीब शेतकरी कुटुंब आईची शवपेटी बैलगाडीसारख्या खेचरांच्या गाडीतून, पुराच्या नदीतून, तिच्या माहेरच्या गावी नेते.

ऋणाचा तो वाद आम्हांला दुय्यम वाटतो. दोन्ही कादंबऱ्यांचे बळ एकाच जागी आहे. जॅकची बायको एमी मोटारीत बसत नाही. त्या दिवशी ती संस्थेत राहणाऱ्या आपल्या मुलीला, जूनला, भेटायला जाते. जून जन्मापासून मतिमंद आहे. बापाने तिला मुलगी म्हणून कधी जवळ केले नाही, आईने मात्र पन्नास वर्षे फेरी चुकवली नाही. स्विफ्ट एमीला स्वतःची प्रकरणे देतात आणि त्यामुळे मोटारीतल्या पुरुषांच्या मैत्रीला तिची खरी किंमत लागते. फॉकनरच्या कादंबरीत तर खुद्द मृत अ‍ॅडी एका प्रकरणात बोलते आणि मुलाबाळांनी रचलेली ‘आई’ तिच्या बोलण्याने कोसळते. ही दोन पात्रे वगळली तर उरेल ते केवळ प्रवासवर्णन. काकूंचा प्रश्न ऐकण्यापूर्वी आम्ही जी कथा मनात रचली होती, ती नेमकी तशी होती. दोन भाऊ, टपरी आणि चहा.

मराठीत हे भान नव्हते असे नाही. सतीश आळेकरांचे ‘महानिर्वाण’ 1974 साली रंगभूमीवर आले. त्यात मेलेले भाऊराव कीर्तनकाराच्या थाटात उभे राहून स्वतःच्याच मरणाचे आख्यान लावतात आणि दहन जुन्याच स्मशानात व्हावे असा हट्ट धरतात. ते स्मशान आता बंद होते आहे. मुलगा नाना त्या हट्टापायी धावपळ करतो. येथे प्रवास चाळीपासून स्मशानापर्यंतचाच आहे, पण तोच होता होत नाही. प्रेक्षक हसतो, कारण प्रत्येक घरातल्या मयताला असे हट्ट असतात हे त्याला ठाऊक असते. तरीही नाटकाची धार आम्हांला रमेत दिसते. नवरा गेल्यावर शोकाच्या गर्दीत तिला डावीकडून तिसरा उभा असलेला पुरुष दिसतो आणि तो तिच्या मनातून जात नाही. घरी राहिलेल्या बाईला शोकाखेरीज आणखी काही वाटू शकते, हे त्या काळी रंगमंचावर आणणे सोपे नव्हते. आळेकरांनी ते हसत हसत आणले, म्हणून ते टिकले.

आम्ही सीमाभागात राहतो. तेव्हा शेजारच्या कन्नडकडे पाहणे आम्हांला परके वाटत नाही. यू. आर. अनंतमूर्ती यांच्या 1965 सालच्या ‘संस्कार’ या कादंबरीत नारणप्पाचे प्रेत अग्रहारात पडून राहते, कारण त्याला अग्नी कोणी द्यावा याचा निर्णय शास्त्रात सापडत नाही. निर्णय न थांबता चंद्री घेते. ती नारणप्पाची धर्मपत्नी नाही. तिला अधिकार नाही, नातेही कोणी मानत नाही. रात्री एका मुसलमान गाडीवानाच्या मदतीने ती प्रेत नेऊन जाळते. ज्यांना अधिकार होता ते ग्रंथ चाळत बसले आणि अधिकार नसलेल्या दोघांनी काम उरकले. अंत्यसंस्कार करण्याचा हक्क कोणाला, यावर याहून नेमके आमच्या वाचनात दुसरे आलेले नाही.

घरी राहिलेल्या बाईप्रमाणेच आणखी एक माणूस गाडीबाहेर असतो. तो यात्रा संपते तेथे, पाण्यात उभा असतो. बाबा भांड यांची ‘दशक्रिया’ ही कादंबरी त्याची आहे. पैठणला गोदावरीच्या काठावर भान्या नावाचा पोर लोकांनी सोडलेली रक्षा चाळतो आणि नाणे, एखादा सोन्याचा कण शोधतो. आपण डोळे मिटून जे पाण्यात सोडतो, ते तो डोळे उघडे ठेवून वेचतो. संदीप पाटील यांनी तिच्यावर केलेला चित्रपट नोव्हेंबर 2017 मध्ये प्रदर्शित झाला. 2016 च्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला होता. प्रदर्शनाच्या वेळी पुरोहितवर्गातून त्याला विरोधही झाला. आमच्या दृष्टीने कादंबरीची थोरवी पुरोहितांवरील टीकेत नाही. तशी टीका मराठीला नवी नव्हे. कथा सांगणाऱ्याने आपली उभी राहण्याची जागा बदलली, ही खरी गोष्ट आहे. मोटारीतून उतरणारे शोकाकुल कुटुंब काठावरून पाहिले की ते गिऱ्हाईक दिसते.

नृसिंहवाडीच्या घाटावर त्या दिवशी आमच्या पायाशीही दोन पोरे पाण्यात होती. ती काय करीत होती हे आम्ही पाहिले नाही. ‘दशक्रिया’ आम्ही त्यापूर्वी वाचलेली होती, हे येथे नमूद करणे भाग आहे. पुस्तक वाचणे आणि त्याने डोळे उघडणे या दोन गोष्टींत किती अंतर असते, ते आम्हांला तेव्हा कळले.

यावर कोणी म्हणेल की आता हे प्रवासच उरले नाहीत. 2021 च्या साथीत महाराष्ट्रातून कर्नाटकात शिरणाऱ्यांकडे कोगनोळीच्या नाक्यावर आर. टी. पी. सी. आर. तपासणीचा दाखला मागितला जात होता. त्याच वर्षी टपाल खात्याने अस्थी स्पीड पोस्टाने काशी, प्रयाग, हरिद्वार, गयेस पाठवण्याची सोय एका धार्मिक संस्थेच्या साहाय्याने सुरू केली. दुसरीकडे कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात रक्षा नदीत न सोडता आपल्याच शेतात खड्डा घेऊन त्यावर झाड लावणारी घरे वाढत आहेत. नदी स्वच्छ राहते, खर्चही वाचतो. आम्हांला हा बदल इष्ट वाटतो. मात्र साहित्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. पाकीट टपालपेटीत कोण टाकतो, झाडाला पाणी कोण घालते आणि ते शेत उद्या प्लॉटात गेले तर झाडाचे काय होते, हे विचारणारा लेखक लागतोच.

सीमाभागातील आमच्या लेखनात कोगनोळीची हद्द येते ती बहुधा मोर्चाच्या निमित्ताने. 1956 पासूनची ती सल खरी आहे आणि 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या दाव्याकडे आम्हीही डोळे लावून आहोत. पण त्याच हद्दीवरून आमच्या घराघरांतून कलश जातात, आणि तो प्रवास आमच्या कथा-कादंबऱ्यांत आम्हांला भेटलेला नाही. उचगाव, कडोली, येळ्ळूर येथे दरवर्षी ग्रामीण साहित्य संमेलने भरतात. तेथे वाचल्या जाणाऱ्या कथांत तो यावा असे आम्हांला मनापासून वाटते. तो लिहिणाऱ्याने दोन भावांचा समेट जरूर लिहावा. परंतु उंबऱ्यात थांबलेली आई आणि पाण्यातले पोर यांना त्याने आपल्या कथेत आणले नाही, तर ती कथा आम्ही अपुरी मानू.

काकूंना त्या रात्री थोरल्याने उत्तर दिले, ‘‘होती, आई. बरीच ओढ होती.’’ ते खोटे होते, आणि आम्ही दोघेही गप्प राहिलो. पुढल्या महिन्यात धाकटा काकूंना घेऊन वाडीला गेला. काय पाहिले ते काकूंनी कोणास सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.