मैदानावरचे देह, पडद्यावरचे विजय

अमेरिकन फुटबॉल हा कॅमेऱ्याला अवघड जाणारा खेळ आहे. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा धिप्पाड माणसं, काही सेकंदांची धुमश्चक्री, शिट्टी, आणि मग घोळका करून पुढच्या चालीची आखणी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकलं तर चेंडू आपल्याकडे राहतो, नाहीतर समोरच्यांकडे जातो. एवढा नियम ठाऊक असला तरी या खेळावरचे सिनेमे पाहता येतात. दिग्दर्शकाची अडचण निराळीच असते. खेळाडूचा चेहरा हेल्मेट आणि जाळीआड असतो, आणि चित्रपटाचं सगळं भांडवल तर चेहराच. मुष्टियुद्धावर इतके उत्तम चित्रपट निघाले, त्याचं एक कारण हेच की तिथे दोन उघडे चेहरे समोरासमोर असतात. फुटबॉलचा दिग्दर्शक मात्र नाइलाजानं बाजूला उभ्या प्रशिक्षकाकडे, गॅलरीतल्या बापाकडे आणि घड्याळाकडे वळतो. घड्याळात तीन सेकंद उरलेले, चेंडू हवेत, संगीत टिपेला: हा साचा तिथूनच आला आणि त्यानं पुढे या प्रकाराचं फार नुकसान केलं.

खेळ सुंदर दिसेल असं चित्रण शिकवलं ते हॉलिवूडनं नव्हे. एड सॅबल नावाच्या हौशी छायाचित्रकारानं एनएफएल या व्यावसायिक लीगच्या १९६२च्या अजिंक्यपद सामन्याच्या चित्रीकरणाचे हक्क मिळवले आणि त्यातूनच ‘एनएफएल फिल्म्स’ उभी राहिली. संथ गती, लांब पल्ल्याची लेन्स, गरगरत येणारा चेंडू, तोंडातून निघणारी वाफ, जॉन फसेंडाचा भारदस्त आवाज. पाहणारा भारावून जातो. पण ही कंपनी लीगच्याच मालकीची झाली, त्यामुळे तिच्या चित्रणात खेळाचं वैभव भरपूर असलं तरी हिशेब नसतो. तो मांडण्याचं काम कथापटांकडे येतं. म्हणून माझी कसोटी साधी आहे. हा खेळ खेळणाऱ्याच्या देहाकडून काय वसूल करतो आणि ते कुणाच्या खिशात जातं, हे जो सिनेमा दाखवतो तो वरच्या रांगेत. प्रेक्षकाला स्वतःबद्दल बरं वाटावं म्हणून खेळाडूला वापरून घेतो, तो तळाला.

या कसोटीवर काळाच्या क्रमानं पहिला मान १९२५च्या मूकपटाला जातो. हॅरॉल्ड लॉइडच्या ‘द फ्रेशमन’मध्ये कॉलेजात लोकप्रिय होण्यासाठी धडपडणारा एक मुलगा संघात शिरू पाहतो. सरावाचा बुजगावण्यासारखा पुतळा फाटतो, तेव्हा प्रशिक्षक त्या मुलालाच त्याच्या जागी उभा करतो. एकामागून एक खेळाडू येऊन त्याला आपटतात आणि तो हसतमुखानं पुन्हा उभा राहतो. प्रसंग विनोदी आहे, आणि शेवटी तो मुलगा सामना जिंकूनही देतो. पण संघाच्या लेखी माणूस म्हणजे एक साधन, हे त्या दृश्याइतकं स्वच्छ पुढे कितीतरी वर्षं कुणी सांगितलं नाही. १९४०चा ‘नूट रॉकनी, ऑल अमेरिकन’ उलट दिशेला गेला. त्यात रोनाल्ड रेगननं रंगवलेला जॉर्ज गिप मृत्युशय्येवरून संघाला प्रेरणा देतो आणि मरणसुद्धा विजयाच्या कामी येतं. पुढच्या शेकडो भाषणबाज चित्रपटांचं मूळ या सिनेमात आहे.

माझ्या यादीत सर्वांत वर आहे टेड कॉचेफचा ‘नॉर्थ डॅलस फॉर्टी’ (१९७९). मूळ कादंबरी पीटर जेंटची. तो स्वतः डॅलस काउबॉइजमध्ये खेळलेला, त्यामुळे लॉकर रूमचा वास त्याला ठाऊक होता. सिनेमा सुरू होतो सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. फिल एलियट, म्हणजे निक नोल्टी, अंथरुणातून उठू पाहतो आणि उठता येत नाही. नाकात रक्त साकळलंय, गुडघा वाकत नाही. गोळ्या, बिअर, गरम पाण्याचा टब, आणि प्रत्येक कळेसोबत आदल्या दिवशीचा एकेक धक्का आठवणीत चमकून जातो. सामना नंतर येतो, त्याची किंमत आधी दाखवली जाते. पटकथेतला हा क्रमच मला थोर वाटतो.

पुढे तर सिनेमा अधिकच धारदार होतो. प्रशिक्षकाकडे संगणक आहे, त्यात प्रत्येक खेळाडूची आकडेवारी आहे, आणि माणूस त्या आकड्यांत मावत नाही हे त्याला मान्यच नाही. दुखऱ्या पायात इंजेक्शन टोचून घ्यायला एक तरुण खेळाडू आधी नकार देतो, मग सगळे पाहत असताना तयार होतो. तिथे खलनायक कुणीच नाही, नुसता दबाव आहे. जॉन मॅटुझॅक हा खराखुरा व्यावसायिक खेळाडू. पराभवानंतर तो सहायक प्रशिक्षकावर उखडतो. आम्ही खेळ म्हणालो की तुम्ही धंदा म्हणता, आम्ही धंदा म्हणालो की तुम्हाला खेळ आठवतो, असा त्याच्या संतापाचा आशय. आणि शेवटच्या बैठकीत एलियट मालकांना सुनावतो की संघ म्हणजे तुम्ही, आम्ही फक्त सामान. हा सिनेमा खेळाचा द्वेष करत नाही. चेंडू अचूक हातात बसतो तेव्हाचा एलियटचा आनंद पाहिला की हा माणूस इतकी वर्षं का टिकला, ते कळतं.

दुसरा क्रमांक पीटर बर्गच्या ‘फ्रायडे नाइट लाइट्स’चा (२००४). पश्चिम टेक्सासमधलं ओडेसा हे तेलाचं गाव, तिथली पर्मियन हायस्कूल, १९८८चा हंगाम. शुक्रवारी संध्याकाळी दुकानांना कुलूप आणि सगळं गाव स्टेडियमवर. सतरा वर्षांच्या पोरांच्या खांद्यावर गावाचा मान टाकलेला. बूबी माइल्स हा संघाचा तारा. गुडघा जातो आणि एका क्षणात त्याचं भविष्य जातं. लॉकर रिकामा करून तो हसतमुखानं सगळ्यांचा निरोप घेतो आणि काकाच्या गाडीत बसल्यावर फुटून रडतो. डेरेक लूकनं केलेला हा प्रसंग या प्रकारातला सर्वोत्तम अभिनय आहे असं मी निःशंकपणे म्हणेन. शिवाय हा संघ शेवटी हरतो, गोलरेषेपासून हातभर अंतरावर.

तरी तक्रार आहे. एच. जी. बिसिंजरचं मूळ पुस्तक (१९९०) गावातल्या वर्णद्वेषावर आणि शिक्षणाची आबाळ करून फुटबॉलवर उधळल्या जाणाऱ्या पैशावर कडाडून बोलतं. सिनेमात त्याची पुसट सावली उरते. डॅलस कार्टर या शाळेविरुद्धचा खरा पराभव उपांत्य फेरीतला होता, तो पडद्यावर अंतिम सामना झाला. पराभव टिकवला म्हणून एवढी मोकळीक मी खपवून घेतो.

यांच्या खालोखाल रॉबर्ट ऑल्ड्रिचचा ‘द लाँगेस्ट यार्ड’ (१९७४): जॉर्जियाच्या खऱ्या तुरुंगात चित्रित झालेला, कैदी विरुद्ध पहारेकरी सामना. कॉलेजात फुटबॉल खेळलेल्या बर्ट रेनल्ड्सच्या हालचालींत खोट नाही. ‘ब्रायन्स साँग’ (१९७१) टीव्हीसाठी बनला. शिकागो बेअर्सचा गोरा ब्रायन पिकोलो आणि काळा गेल सेअर्स एका खोलीत राहतात, आणि सव्विसाव्या वर्षी पिकोलो कॅन्सरनं जातो. मैदानापेक्षा ती खोली महत्त्वाची ठरते, आणि तिथे हेल्मेट नसतात. ‘बिग फॅन’ (२००९) फारसा कुणी पाहिला नाही, याचं वाईट वाटतं. पार्किंगमध्ये पावत्या फाडणाऱ्या चाहत्याला त्याचा लाडका खेळाडूच बेदम मारतो, आणि संघाचं नुकसान होऊ नये म्हणून तो तक्रार करत नाही. भक्तीचं इतकं निर्दय निदान दुसऱ्या कुठल्या क्रीडापटात मी पाहिलेलं नाही.

एका माहितीपटाला इथे जागा हवीच. केव्हिन रॅफर्टीच्या ‘हार्वर्ड बीट्स येल २९-२९’मध्ये (२००८) १९६८च्या सामन्याचं जुनं टीव्ही चित्रण आहे आणि आता म्हातारे झालेले खेळाडू कॅमेऱ्यासमोर बसून बोलतात. हार्वर्डनं शेवटच्या मिनिटात १६ गुण मिळवून बरोबरी साधली, ही कुणाच्या कल्पनेतली गोष्ट नाही. चेहऱ्याचा प्रश्न रॅफर्टीनं किती सहज सोडवला!

ऑलिव्हर स्टोनचा ‘एनी गिव्हन संडे’ (१९९९) अधांतरी राहतो. लीगनं सहकार्य नाकारल्यावर स्टोननं काल्पनिक लीग उभी केली. दुखापती लपवणारा डॉक्टर आणि बोनससाठी जिवावर उदार होणारा जुना खेळाडू या दोन गोष्टी सच्च्या आहेत. पण कॅमेरा इतका धडपडतो की चाल काय होती तेच कळत नाही, आणि अल पचिनोचं गाजलेलं भाषण बाकीचा सिनेमा गिळून टाकतं.

आता तळाकडे. ‘द लाँगेस्ट यार्ड’ची २००५ची ॲडम सँडलर आवृत्ती मूळचा राग काढून टाकते आणि नुसती थट्टा ठेवते, तिच्यावर जास्त शब्द नकोत. ‘द रिप्लेसमेंट्स’चं (२०००) मात्र मला मनापासून वाईट वाटतं, कारण तो करमणूक म्हणून आवडतो. त्याला आधार एनएफएल खेळाडूंच्या १९८७च्या संपाचा आहे. करार संपल्यावर संघ निवडण्याचं स्वातंत्र्य खेळाडूंना हवं होतं. मालकांनी बदली माणसं उभी करून सामने सुरू ठेवले आणि २४ दिवसांत संप मोडला. सिनेमात संपकरी म्हणजे लोभी, माजलेले श्रीमंत, आणि संप फोडणारे म्हणजे निरागस वीर. बदली खेळाडूंचीही बाजू होतीच. वॉशिंग्टनच्या बदली संघानं तिन्ही सामने जिंकले, तो संघ पुढे सुपर बोलचा, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याचा, विजेता ठरला, आणि या लोकांना त्या विजयाची अंगठी मिळायला २०१८ उजाडलं. खरी गोष्ट या उपेक्षेत होती. सिनेमानं ती सोडून मालकांची गोष्ट सांगितली.

‘रूडी’ (१९९३) आणि ‘रिमेंबर द टायटन्स’ (२०००) हे लोकांचे लाडके. ‘रूडी’त नायकाला खेळवावं म्हणून सहकारी एकेक करून जर्सी प्रशिक्षकाच्या टेबलावर ठेवतात, तो प्रसंग घडलेलाच नाही. ‘टायटन्स’मध्ये डेन्झेल वॉशिंग्टन भक्कम उभा आहे, पण अंतिम सामना अखेरच्या चालीवर जिंकलेला दाखवलाय. १९७१मध्ये अलेक्झांड्रियाच्या त्या संघानं तो २७-० असा सहज जिंकला होता. काळ्या-गोऱ्या मुलांचा एकत्र संघ इतका वरचढ ठरला, हे सत्य रचलेल्या चुरशीपेक्षा किती मोठं होतं!

शेवटची जागा ‘द ब्लाइंड साइड’ची (२००९). त्यानं जगभर ३० कोटी डॉलरहून जास्त कमावले आणि सँड्रा बुलकला ऑस्कर मिळालं. तरी, किंबहुना म्हणूनच, तो सर्वांत वाईट. मायकेल ओहर हा गरिबीतून वर आलेला, एका गोऱ्या कुटुंबानं घरी आणलेला काळा मुलगा इथे इतका बावळट आहे की घरातलं शाळकरी पोर त्याला स्वयंपाकघरातल्या बाटल्या मांडून खेळ शिकवतं, आणि गोरी आई मैदानात उतरून त्याला त्याचं काम समजावते. प्रत्यक्षात त्याला हा खेळ आधीपासून चांगला कळत होता. २०२३मध्ये त्यानं टेनेसीच्या कोर्टात अर्ज केला की आपल्याला कायदेशीर दत्तक घेतलंच नव्हतं, पालकत्वाच्या वेगळ्या व्यवस्थेखाली ठेवलं होतं. त्या कुटुंबानं त्याचे आरोप नाकारले. कोर्टानं ती व्यवस्था त्याच वर्षी संपवली. वाद बाजूला ठेवला तरी पडद्यावरचा दोष उरतोच. ज्याची गोष्ट, त्यालाच तिथे आवाज नाही.

‘कन्कशन’नं (२०१५) निदान विषय टाळला नाही. माइक वेबस्टर हा पिट्सबर्गचा नामांकित खेळाडू २००२मध्ये पन्नाशीत गेला, आणि डॉ. बेनेट ओमालूंना त्याच्या मेंदूत वारंवारच्या आघातांनी झालेला आजार सापडला. सिनेमा म्हणून तो बेताचाच, पण इतर सगळ्या विजयपटांची उधारी त्यात समोर येते.

वाचकांना माझं सांगणं एवढंच की एकच चित्रपट पाहायचा तर ‘नॉर्थ डॅलस फॉर्टी’ पाहा. आणि ‘द ब्लाइंड साइड’ आधीच पाहिला असेल, तर मायकेल ओहरनं २०११मध्ये लिहिलेलं ‘आय बीट द ऑड्स’ हे पुस्तक मिळवून वाचा. त्यात तो स्वतः बोलला आहे.