१६:१ – आकडा बरोबर, जागा चुकीची

घरच्या प्रवाळ टाकीबद्दल वाचायला लागलात की एक सल्ला हमखास भेटतो: नायट्रेट आणि फॉस्फेट १६:१ ठेवा, शेवाळ होणार नाही. आधार म्हणून रेडफिल्डचं नाव. ऐकायला शास्त्रीय वाटतं, म्हणूनच जरा तपासू या.

पहिली चूक संदर्भाची. आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ मध्ये मांडलं, की समुद्राच्या पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेटचं प्रमाण प्लवकांच्या शरीरातल्या नायट्रोजन-फॉस्फरसशी जुळतं. १६:१ पुढे रूढ झालं. हे खुल्या समुद्राचं सरासरी निरीक्षण आहे. टाकीसाठीची कृती नव्हे.

दुसरी एककांची. ते प्रमाण अणूंचं. टेस्ट किट सांगतं मिलिग्रॅम प्रति लिटर. नायट्रेटचं सूत्रभार ६२, फॉस्फेटचं ९५. करा गणित: किटवर १६ आणि १ दिसलं, तर खरं प्रमाण सुमारे २४.५:१.

तिसरी मला सगळ्यात जास्त खटकते. १० ला १ काय आणि ०.१ ला ०.०१ काय, प्रमाण एकच! पाण्यातल्या मात्रेत मात्र शंभरपट फरक.

मग प्रमाण बघूच नये का? तसंही नाही. नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेटचा तुटवडा असेल तर प्रवाळ विरंजनाला लवकर बळी पडतात, हे वीडेनमान आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं. पण ‘१६’ गाठायला कुणी टाकीत नायट्रेट ओतलं, तर त्याची किंमत प्रवाळच मोजतो.

लिटरेचर रिव्ह्यूत आकडा उचलण्याआधी विचारा: कशावर मोजला? कुठल्या एककात? आणि भागाकारात काय गायब झालं?