करवियलें

श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायांलगत कोरलेल्या मराठी ओळींविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. पण ते बहुतेक काळनिर्णयापुरतेच. पहिली ओळ 983 ची मानावी की गंगराजाच्या वेळची, सुमारे 1117 ची, हा वाद आता जुना झाला. अक्षीच्या शिलालेखाला (शके 934) पहिलेपणाचा मान देण्याकडे कल झाल्यावर तर या ओळींकडे पाहण्याचा उत्साहच ओसरला. आम्हांस हे अरसिकपणाचे वाटते. वाचण्याजोगे आहे ते त्यांतील क्रियापद.

चावुण्डराज आणि गंगराज हे दोघेही कन्नड मुलखातले. गंगराजाने बांधविलेल्या प्राकाराला ‘सुत्ताले’ म्हटले आहे. तो शब्दही कन्नडच. मराठी म्हणून उरते काय? कर्त्याच्या शेवटचा ‘एं’ आणि ‘करवियलें’. त्या क्रियापदाची घडण मात्र उकलून पाहावी. गिरनारच्या लेखात अशोकाने धर्मलिपी ‘लेखापिता’ म्हटली आहे. त्याच प्रयोजकाच्या वळणाचे ‘कारापित’ घ्या. ‘प’चा ‘व’ झाला, ‘त’ गळून त्या जागी ‘य’ आला आणि पुढे ‘ल’ जोडला गेला. मधला ‘करावियल्ल’सारखा दुवा ताराचिन्ह लावून अनुमानानेच मांडावयाचा.

जर्मानिक भाषांचे अभ्यासक हेच करतात. डेन्मार्कमधील गालेहुस येथे 1734 साली सापडलेल्या सोन्याच्या शिंगावर, सुमारे इ. स. 400 च्या लिपीत, ‘तविदो’ म्हणजे ‘मी केले’ असे होते. शिंग 1802 साली चोराने वितळविले. रेखाटनांवरून आणि गॉथिक ‘तौयन’च्या आधाराने मूळ धातू उभा करावा लागतो. तेथे कर्ता ‘मी’ म्हणून बोलतो. आपल्या ओळीत कर्ता तृतीयेत उभा आहे आणि क्रियापद केलेल्या वस्तूच्या नपुंसकलिंगाशी जुळते. शेजारच्या कन्नड ‘माडिसिदं’मध्ये तसे नाही, तेथे क्रियापद कर्त्यामागेच चालते. अर्थ एक, प्रयोजक दोन्हींकडे, पण वाक्याची बांधणी वेगळी. चावुण्डराजाची तमिळ ओळही कन्नडच्याच बाजूची. कोरणाऱ्याने कन्नड वाक्याचे नुसते शब्दांतर केले असते, तर ही तृतीया आली नसती.

बेंगळूरच्या शिवाजीनगरात कन्नड, तमिळ आणि उर्दू यांच्या गलबल्यात राहणारा आमचा मराठी शेजारी ‘स्कूटरचे सर्व्हिसिंग करवून घेतले’ म्हणतो. नामे दोन्ही परकी. ‘करव’ तेवढा तोच.